शाळेचा रिझल्ट 71 वरून 57 वर आला, आता शाळा बदलू का?

पत्र असं आहे: "ताई नमस्कार. माझी मुलगी तिसरीत आहे. शाळा छोटी आहे, तिसरीचा एकच वर्ग, 28 मुलं. दरवर्षी बाहेरच्या संस्थेची प्रमाणित चाचणी होते. मागच्या वर्षी तिसरीची 71 टक्के मुलं 'अपेक्षित पातळी'च्या वर होती, यंदा 57 टक्केच. यंदा टेस्ट नवीन होती आणि पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता गोंधळ आहे, दोघातिघांनी तर शाळा बदलायचं पक्कं केलंय. मुख्याध्यापिकांनी कळवलंय की आता रोज एक तास टेस्टची प्रॅक्टिस आणि त्यासाठी लायब्ररी आणि चित्रकलेचे तास बंद. माझ्या मुलीला गणितात ठीक आहे पण वाचनात 46 पर्सेंटाइल, मागच्या वर्षी 58 होते. रिपोर्ट तिच्या हातात पडला आणि तिने विचारलं, आई मला अर्धे पण मार्क नाही पडले का, मी ढ आहे का. मला उत्तरच सुचलं नाही. शाळा बदलू का, ट्यूशन लावू का? – तिसरीतल्या मुलीची आई"

नमस्कार. बाकी सगळं नंतर, आधी तुमच्या मुलीचा प्रश्न, कारण शाळा बदलायची का हे ठरवायला तुमच्याकडे महिने आहेत पण आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात "मी ढ आहे" बसलं तर ते काढायला फार वेळ लागतो. तर आज रात्रीच तिला जवळ बसवून सांगा की 46 पर्सेंटाइल म्हणजे 46 मार्क नाहीत. तिच्या इयत्तेची 100 मुलं मार्कांप्रमाणे ओळीत उभी केली तर त्यातल्या साधारण 46 जणांच्या ती पुढे आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे रांगेच्या जवळजवळ मधोमध. किती उत्तरं बरोबर आली हे त्या आकड्यातून कळतच नाही, टेस्ट सोपी असेल तर 46 पर्सेंटाइलवाल्या मुलाची पाऊण उत्तरं बरोबर असू शकतात. "अर्धे पण नाही" हे तिने जे वाचलं ते चुकीचं वाचलं, आणि त्यात तिचा काही दोष नाही, मोठी माणसं पण रोज असंच वाचतात.

आता तुमच्यासाठी थोडं पुढचं. 58 वरून 46 म्हणजे पोरगी मागे गेली असं वाटतं ना? पर्सेंटाइल ही दुसऱ्यांशी केलेली तुलना आहे. त्या रांगेतली सगळीच मुलं वर्षभर शिकत असतात, त्यामुळे जागच्या जागी 58 वर राहायलासुद्धा मुलीला पूर्ण एक वर्षाचं नवीन शिकावं लागतं. ती गेल्या वर्षीपेक्षा नक्की जास्त शब्द वाचू शकत असेल, लांब गोष्टी समजून घेत असेल, आणि तरीही पर्सेंटाइल खाली येऊ शकतं. शिवाय रांगेच्या मधल्या भागात प्रचंड गर्दी असते, बहुतेक मुलं तिथेच असतात, त्यामुळे 40 प्रश्नांच्या टेस्टमध्ये एखादा प्रश्न इकडचा तिकडे झाला की पाच-सहा पर्सेंटाइल सहज हलतात. टोकाला तसं होत नाही, मध्ये होतं.

रिपोर्ट परत एकदा काढा. बऱ्याच रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी एक पट्टी किंवा "या ते या दरम्यान" असं काहीतरी छापलेलं असतं आणि आपण ते बघतच नाही. त्याचा अर्थ असा की हीच मुलगी, काहीही न शिकता न विसरता, दुसऱ्या दिवशी तशाच टेस्टला बसली असती तर आकडा साधारण त्या पट्टीत कुठेतरी आला असता. चांगल्या बनवलेल्या टेस्टमध्येसुद्धा 46 च्या भोवती ही पट्टी साधारण 34 ते 59 एवढी मोठी असू शकते. मागच्या वर्षीचे 58 त्याच पट्टीत बसतात! आणि टेस्ट बदलली म्हणजे तुलना करायला घेतलेली मुलंसुद्धा बहुतेक बदलली, जुन्या टेस्टची रांग वेगळी, नव्या टेस्टची वेगळी. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून वजाबाकी करण्यात खरंच अर्थ नाही.

आता शाळा. इथे मला तुम्ही कागद-पेन घेऊन बसायला हवंय, कारण ग्रुपवर जो गोंधळ चाललाय तो टक्क्यांमुळे चाललाय, टक्के काढून मुलं मोजली की चित्र बदलतं. 28 मुलांचे 71 टक्के म्हणजे 20 मुलं. 28 चे 57 टक्के म्हणजे 16 मुलं. फरक चार मुलांचा आहे. चार. (मागच्या वर्षी पण वर्ग एवढाच होता असं धरतेय.) "शाळेचा रिझल्ट 14 टक्क्यांनी कोसळला" आणि "गेल्या वर्षीपेक्षा चार मुलं कमी रेषेच्या वर गेली" ही एकच गोष्ट आहे पण पहिलं वाक्य वाचून माणूस शाळा बदलतो आणि दुसरं वाचून विचारतो की ती चार मुलं कोण, त्यांना काय अडतंय.

आणि ही चार मुलं कमी होण्याला शिकवणं बिघडायलाच हवं असं पण नाही. गेल्या वर्षीची तिसरी आणि यंदाची तिसरी ही वेगळीच मुलं आहेत, एखाद्या वर्षी वर्गात लवकर वाचायला लागलेली मुलं जास्त असतात, एखाद्या वर्षी नुकतीच शाळा बदलून आलेली किंवा घरी वेगळी भाषा बोलणारी. शिकवणं अगदी तेच ठेवलं तरी 28 च्या वर्गात नुसत्या योगायोगाने आकडा आठ-नऊ टक्के वर किंवा खाली जाणं अगदी नेहमीचं आहे, आणि दोन वर्षांची तुलना केली की दोन्हीकडची ही हलहल एकत्र येते, मग बारा-तेरा टक्क्यांचा फरक काही विशेष राहत नाही. तुमचे 14 त्याच्या जवळपासच आहेत. टॉमस केन आणि डग्लस स्टायगर या दोन अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये हेच दाखवलं होतं, की लहान शाळांचे आकडे दरवर्षी फार उड्या मारतात, म्हणून सर्वात वरच्या शाळांच्या यादीत पण लहान शाळा जास्त दिसतात आणि सर्वात खालच्या यादीत पण. म्हणजे गेल्या वर्षी 71 आल्यावर जो आनंद झाला असेल तोही थोडा जपूनच करायला हवा होता.

मी असं म्हणत नाहीये की शाळेत सगळं आलबेल आहे. या एका आकड्यावरून ते कळत नाही, एवढंच. चांगलं आहे हेही कळत नाही आणि वाईट आहे हेही नाही.

"अपेक्षित पातळी" या रेषेबद्दल पण दोन शब्द. ही रेषा माणसांनीच आखलेली असते, शिक्षक आणि तज्ज्ञांची समिती बसते आणि ठरवते की इतके गुण म्हणजे पातळीच्या वर. रेषेच्या एका गुणाने खाली राहिलेलं मूल आणि शून्याजवळ असलेलं मूल, दोघंही "खाली". म्हणून टक्के विचारू नका, वर्गाचा सरासरी स्केल स्कोअर (म्हणजे बरोबर उत्तरांवरून टेस्टच्या ठरलेल्या मोजपट्टीवर काढलेले गुण) विचारा आणि किती मुलं रेषेच्या अगदी जवळ आहेत ते विचारा. चारातली तीन जर एकदोन गुणांनी राहिली असतील तर तो वेगळा विषय, आणि सहा-सात मुलं खूपच खाली असतील तर तो फार गंभीर विषय, आणि मजा म्हणजे 71 टक्क्यांच्या वर्षातसुद्धा ती खूप खालची मुलं असतीलच, तेव्हा कोणी विचारलं नाही.

नवीन टेस्टचं तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलंय पण मला ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटते. घरातला वजनकाटा बदलला की पहिल्या दिवशी दिसणारा फरक वजनाचा नसतो. डॅनियल कोरेट्झ या शिक्षण-संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्याबद्दल (म्हणजे एकाच व्यवस्थापनाखालच्या शाळांबद्दल) हेच मांडलेलं आहे, आणि ती मुलंसुद्धा तिसरीचीच होती. तिथे अनेक वर्षं एकच टेस्ट होती आणि गुण छान चढले होते, मग टेस्ट बदलली आणि गणिताचे गुण धाडकन पडले. चारेक वर्षांत नव्या टेस्टवरचे गुण हळूहळू चढून जुन्या उंचीवर आले, सगळे खूश. मग त्यांनी काय केलं, काही मुलांना परत जुनी टेस्ट दिली, जिची आता कोणी तयारी करून घेत नव्हतं, तर तिच्यावर गुण पडलेले! म्हणजे मुलं गणितात पुढे गेली नव्हती, शाळा त्या त्या टेस्टला सरावली होती. तुमच्या शाळेचे जुने 71 खरे किती आणि सरावाचे किती हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्यात कॉम्प्युटर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2015 आणि 2016 ला काही शाळांनी तीच टेस्ट कागदावर घेतली आणि काहींनी कॉम्प्युटरवर, तर कॉम्प्युटरवाल्या मुलांचे गुण कमी आले, आणि दुसऱ्या वर्षी हा फरक बराच कमी झाला. तिसरीतल्या मुलाला उतारा वर सरकवायचा, परत खाली येऊन प्रश्न बघायचा, परत वर जाऊन उत्तर शोधायचं, हे वाचनापेक्षा वेगळंच काम आहे. मुलीला विचारा तिला कॉम्प्युटरवर काय अवघड गेलं, ती बरोबर सांगेल.

मग चांगली शाळा ओळखायची कशी, तर माझं स्पष्ट मत आहे की पातळी बघू नका, वाढ बघा. तीच मुलं गेल्या वर्षी कुठे होती आणि आता कुठे आहेत. तिसरीतल्या सरासरी गुणांमध्ये मुलांचं घर, घरातली पुस्तकं, शाळेआधीची वर्षं हे सगळं मिसळलेलं असतं आणि ते शाळेच्या कष्टाचं मोजमाप नसतं. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी अमेरिकेतल्या हजारो जिल्ह्यांचे गुण तपासले तेव्हा तिसरीची सरासरी आणि पुढच्या वर्षांतली वाढ यांचा एकमेकांशी जवळजवळ संबंधच दिसला नाही. शिकागोचं उदाहरण 2017 मध्ये खूप गाजलं, तिथली तिसरीची मुलं देशाच्या सरासरीच्या बरीच मागे होती, पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत ती सहा वर्षांएवढं शिकत होती. नुसती तिसरीची सरासरी बघणाऱ्या पालकाने तिथल्या शाळा नाकारल्या असत्या. तुम्ही आणि ग्रुपवरचे पालक ज्या दुसऱ्या शाळेचा विचार करताय तिथे रिझल्ट 85 टक्के असेलही, पण तिथली मुलं आत येतानाच किती पुढे होती हे कोणी विचारलंय का?

म्हणून मुख्याध्यापिकांना भेटायला जा, शक्यतो एकट्या किंवा एखाद्या शांत पालकाला घेऊन, आख्खा ग्रुप घेऊन नको, कारण दहा पालक समोर आले की कोणतीही शाळा बचाव करायला लागते. त्यांना विचारा की यंदाच्या चौथीची मुलं तिसरीत असताना कुठे होती आणि आता कुठे आहेत. विचारा की वाचनात नेमका कुठल्या प्रकारच्या प्रश्नांवर वर्ग अडला, शब्दार्थ की माहितीपर उतारा की गोष्टीतून अर्थ काढणं, ही फोड संस्था बहुतेक वेळा शाळेला देते. विचारा किती मुलं गैरहजर होती. आणि विचारा जी मुलं सगळ्यात खाली आहेत त्यांच्यासाठी या महिन्यात काय बदलणार आहे, कोण बसणार त्यांच्याबरोबर, आठवड्यातून किती वेळा. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कसं येतं त्यावरून तुम्हाला शाळेबद्दल 71 आणि 57 मिळून जेवढं कळलं त्यापेक्षा जास्त कळेल.

आता त्या रोजच्या एक तासाच्या प्रॅक्टिसबद्दल, आणि इथे मला खरंच वाईट वाटलं, कारण वाचनाचे गुण कमी आले म्हणून लायब्ररीचा तास बंद करायचा हे अगदी उलटं पाऊल आहे. वाचून समजणं हे काही हातपाय हलवण्यासारखं सरावाने सुटणारं कौशल्य नाही, ते बरंचसं मुलाला त्या विषयाचं आधी काय माहीत आहे त्यावर चालतं. 1988 मध्ये डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधकांनी मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण बेसबॉल चांगला माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. विचार करा. म्हणजे उताऱ्यात समुद्रातल्या प्राण्यांबद्दल असेल तर ज्याने त्यावर काही वाचलंय, बघितलंय, ऐकलंय त्याला तो उतारा सोपा जाणार, आणि "मुख्य कल्पना शोधा" चे शंभर वर्कशीट सोडवून ते भरून येत नाही. विज्ञान, परिसर, इतिहास, लायब्ररी, हेच वाचनाचे तास आहेत. चित्रकला पण राहू दे, मुलांना शाळेत यावंसं वाटायला काहीतरी हवं ना.

आणि आकड्यालाच ध्येय केलं की काय होतं ते माहीत असलेलं बरं. डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकातच सांगून ठेवलंय की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय टांगाल तितका तो आकडा बिघडतो आणि ज्याचं मोजमाप चाललंय तेही बिघडतं. टेक्ससमधल्या एका प्राथमिक शाळेचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला, तिथे शिक्षकांनी मुलांचे चक्क गट पाडले होते, रेषेच्या जरा खाली असलेल्या मुलांवर सगळी मेहनत, आणि जी खूप खाली ती सुटून गेली, कारण ती रेषा ओलांडणार नव्हती. टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्याच अटलांटा शहराचं, 2009 च्या टेस्टमध्ये शिक्षकांनीच उत्तरं खोडून बरोबर केली होती, 2011 च्या चौकशी अहवालात 44 शाळा आणि 178 शिक्षक-मुख्याध्यापक निघाले. तुमची शाळा तसं करेल असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण घाबरलेल्या पालकांचा दबाव आला की शाळा आकड्यासाठी काम करायला लागते, आणि तुमच्या मुख्याध्यापिकांनी काढलेलं ते पत्रक बहुतेक ग्रुपवरच्या गोंधळामुळेच निघालंय, म्हणून ते मागे घ्यायला लावणं पण पालकांनाच जमेल. त्यांना सांगा की टेस्टआधी दोन-तीन वेळा कॉम्प्युटरवर सराव द्या, माऊस, स्क्रोल, वेळ कसा दिसतो हे सगळं मुलांना माहीत झालं की बास, रोज तास नको.

ट्यूशन आत्ता नको. मधोमध असलेल्या मुलीला वाचनासाठी ट्यूशन लावली तर तिच्यापर्यंत एकच गोष्ट पोचेल, की आईला पण मी ढ वाटते. त्याऐवजी घरी एक साधी तपासणी करा. तिच्या इयत्तेचं पण तिने न वाचलेलं एक पान तिला मोठ्याने वाचायला सांगा आणि नंतर पुस्तक मिटून काय वाचलं ते सांगायला सांगा. अडखळत, अक्षरं जुळवत, शब्दाचा अंदाज मारत वाचत असेल तर अडचण अक्षरवाचनाची आहे आणि ती लगेच शिक्षिकेला सांगायला हवी, डोळे आणि कान तपासून घ्यायला हवेत, तिसरीनंतर हे आपोआप सुटत नाही आणि तिथे मात्र मदत घ्यायला एक दिवस पण थांबू नका. सफाईने वाचते पण सांगता येत नाही असं असेल तर शब्दसंग्रह आणि माहिती कमी पडतेय, त्याला रोज तुम्ही तिला थोडं वरच्या पातळीचं वाचून दाखवणं आणि त्यावर गप्पा मारणं हाच उपाय. आणि दोन्ही ठीक असेल तर तिची टेस्ट त्या दिवशी जरा कमी गेली, विषय संपला.

गप्पा मारताना एक करा, पुस्तक मिटून आठवायला लावा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग आहे (मोठ्या विद्यार्थ्यांवरचा), तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं. म्हणजे टेस्ट देण्याने शिकणं होतं, फक्त ती छोटी, बिनमार्कांची, घरातली असली पाहिजे. "कालच्या गोष्टीत तो मुलगा का पळून गेला होता गं?" एवढं पण पुरतं.

शाळा कधी बदलायची ते पण सांगते म्हणजे टांगणीला राहू नका. तीच मुलं सलग दोन-तीन वर्षं वाढीत मागे पडत असतील, किंवा मागे पडलेल्या मुलांसाठी काय करताय या प्रश्नाला शाळेकडे उत्तरच नसेल, किंवा लायब्ररी बंद ती बंदच राहिली आणि प्रॅक्टिसचा तास दोन तासांवर गेला, किंवा तुमची मुलगी सकाळी शाळेला जायला रडायला लागली, तर बदला, मी पण तेच सांगेन. यंदाच्या आकड्यावरून नको. पुढच्या वर्षीची टेस्ट हीच असेल आणि कॉम्प्युटरवरच असेल, तेव्हा पहिल्यांदा तुमच्याकडे जोडून बघता येतील असे दोन आकडे येतील, आणि तेव्हा मला परत लिहा, रिपोर्टवरच्या त्या पट्टीसकट.